आतल्या खोलीतलं वडारी शुभवर्तमान

माझा आवाज गेला तो भर उपासनेत, शास्त्रपाठ वाचता वाचता. वाक्य अर्धं झालं होतं आणि पुढचे शब्द नुसतीच हवा होऊन बाहेर आले. मी खाकरले, पाणी प्यायले, पुन्हा सुरुवात केली, पण घशातून फाटक्या भात्यासारखा सूर येत राहिला. शेवटी पाळकसाहेबांनी हळूच माझ्या हातातलं बायबल घेतलं आणि राहिलेली वचनं त्यांनीच वाचली. जागेवर येऊन बसले तेव्हा मला घशाची काळजी वाटायला हवी होती. मला काळजी वाटली ती पुढच्या रविवारी कोण वाचणार याची.

सोलापुरातल्या आमच्या मंडळीत मी लग्न होऊन आल्यापासून शास्त्रपाठ वाचत आले. शाळेत मराठी शिकवायचे, त्यामुळे निम्मी मंडळी मला बाई म्हणूनच ओळखते. वाचायचा रविवार असला की शुक्रवारपासून घरात दही बंद, शेंगाचटणी बंद, आणि पर्समध्ये ज्येष्ठमधाची काडी. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली न्यायचा, शेवटचं वाक्य किती सावकाश सोडायचं, हे सगळं मी आरशासमोर बसवून घ्यायचे. ‘बाई वाचतात तेव्हा देवच बोलतोय असं वाटतं,’ असं कुणी म्हटलं की मी ‘छे हो, सगळा त्याचाच महिमा,’ असं म्हणायचे आणि घरी आल्यावर तेच वाक्य आमच्या ह्यांना दोनदा ऐकवायचे. ते वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणायचे, ‘देवाला कळवलंस का?’

तपासणीत गळ्यातल्या ग्रंथीला गाठ निघाली. देवाची कृपा की गाठ साधी होती, पण ती काढल्यावर एक स्वरतंतू लुळा पडला. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की असं होऊ शकतं. हळूहळू सुधारेल, कदाचित नाहीही सुधारणार, आणि तोवर बोलायचं नाही, कुजबुजायचं तर मुळीच नाही. ह्यांनी मला पाटी-पेन्सिल आणून दिली. जन्मभर पोरांना पाटीवर गिरवायला लावलं, आता स्वतः ‘मीठ कमी आहे’ असं लिहून दाखवत बसले. वर हे मला जखऱ्या म्हणू लागले. लूकच्या शुभवर्तमानात तो म्हातारा याजक आहे ना, देवदूताच्या बोलण्यावर शंका घेतो म्हणून मुका होतो आणि बाळाचं नाव पाटीवर लिहून देईपर्यंत मुकाच राहतो, तो. मंडळीतले लोकही हसायचे. मला हसू येत नव्हतं. जखऱ्यानं निदान शंका तरी घेतली होती. मी देवाला विचारायचे, मी काय केलं? तुझंच वचन वाचत होते ना? मग नेमका तोच अवयव का हवा होता तुला? रोज सकाळी उठून मी मनातल्या मनात एकच मागणं मागत होते, माझा आवाज मला परत दे.

ह्याच दिवसांत आमच्या मंडळीत एक मोठं काम चाललं होतं. जगात अजून कितीतरी बोली अशा आहेत की ज्यांत बायबलचं एक पानही नाही. त्या प्रत्येक बोलीत ते जावं म्हणून ठिकठिकाणच्या मंडळ्या एकेका बोलीचा भार उचलतात. आमच्या मंडळीनं वडारी उचलली होती. वडारी ही तेलुगूच्या जवळची बोली, घरात सगळे बोलतात पण लिहीत कुणी नाही. आमच्याच मंडळीतले हणमंतअण्णा आणि त्यांच्या बरोबरीचे दोघं कित्येक वर्षं लूकचं शुभवर्तमान वडारीत उतरवत होते. एक तुकडा लिहायचा, वस्तीत जाऊन वाचून दाखवायचा आणि ऐकणाऱ्यांना म्हणायचं, आता तुम्ही सांगा काय झालं ते. त्यांनी सांगितलं त्यात गडबड निघाली की अण्णा घरी येऊन पुन्हा लिहायचे. आमचा कापणीचा सण, त्यातला भोपळ्या-वांग्यांचा लिलाव, बायकांच्या मंडळाची मसाल्याची विक्री, सगळं त्या कामाला जायचं. आणि हे काम घ्यावं असं मंडळीला आवाहन कुणी केलं होतं? मीच, माझ्याच आवाजात. ‘प्रत्येकाला देवाचं बोलणं आपल्या आईच्या भाषेत ऐकू यावं,’ असं म्हणताना माझेच डोळे भरून आले होते, आणि ते भरलेले डोळे लोकांना दिसतील अशा बेतानं मी मान जरा वर धरली होती.

आता लूक पुरं झालं होतं, पण वस्तीत छापलेलं वाचणारे थोडे. म्हाताऱ्या माणसांना तर ऐकूनच कळणार. म्हणून ते सगळं कुणाच्या तरी आवाजात ध्वनिमुद्रित करून बटण दाबलं की बोलणाऱ्या छोट्या पेटीत घालायचं ठरलं. आवाजाची निवड झाली. गळ्याला पट्टी बांधून मी दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदाच चर्चला गेले, त्याच रविवारी पाळकसाहेबांनी जाहीर केलं, ‘देवानं आपल्याला एक आवाज दिला आहे.’ सगळे टाळ्या वाजवत होते आणि कुंभारीच्या वडार वस्तीतली रेणुका लाजून ओढणीत तोंड लपवत होती. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. गळ्याला पट्टी आहे, हात मात्र धडधाकट आहेत, हे शेजारच्या बाईंच्या लक्षात आलं असावं.

रेणुका म्हणजे दुर्गव्वाची मुलगी. दुर्गव्वा पूर्वी आमच्या गल्लीत पाटा-वरवंट्याला टाकी लावायला यायची. छिन्नी-हातोडी घेऊन उन्हात बसायची आणि गुळगुळीत झालेल्या दगडाला पुन्हा खरखरीत करून द्यायची. तिची हाक चौथ्या गल्लीत ऐकू जायची. दुपारी डुलकी लागली की नेमकी ती हाक यायची आणि मी चरफडत उठायचे. पुढं ती चर्चला येऊ लागली, शेवटपर्यंत येत राहिली, आणि रेणुका तिच्या मांडीला टेकून पुढच्या सतरंजीवर बसायची. दुर्गव्वा वारली. रेणुका आता शिवणकाम करते, घर चालवते, पोरगी गुणाची आहे. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. तरी माझ्या मनात एकच येत होतं, एवढी वर्षं आवाज घासून-पुसून ठेवला मी, आणि देवाला मिळाली कोण, तर टाकीवालीची पोर! ज्या तोंडातलं घेतलंस त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या तोंडात घातलंस, एवढी कसली घाई होती? माझा जळफळाट होत होता. पाटी नसती तर मी काय बोलून गेले असते देव जाणे.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जाड कापड लागतं. दुसरीकडं काय लावतात ठाऊक नाही. सोलापुरात विचारायला नको, पाळकसाहेबांनी घरटी एक चादर मागितली. लोकांनी ट्रंकेतल्या घड्या मोडून मोर-कमळाच्या जाड चादरी आणून दिल्या. माझ्याकडं तीन नव्याकोऱ्या होत्या. मी कपाटाच्या तळातून एक झिजलेली काढली, मधोमध भोक पडलेली. हे बघत होते. म्हणाले, ‘हीच ना ती, जिच्यावर मांजर व्यालं होतं?’ मी पाटीवर लिहिलं, ‘भिंतीला काय कळतंय!’

पण गोष्ट तिथंच संपायची नव्हती. चर्चमागच्या खोलीत चादरी लावून पाहिल्या तरी शेजारच्या यंत्रमागांची खटखट थांबेना. बाहेरगावाहून मुद्रणासाठी आलेले सॅमसनभाऊ कानाला यंत्र लावून मान हलवत बसले. कुणाच्या तरी शांत घरात आतली खोली मिळेल का, अशी शोधाशोध सुरू झाली, आणि आमच्या ह्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, ‘सध्या सोलापुरातलं सगळ्यात शांत घर आमचं आहे.’ हशा पिकला. मी पाटी शोधेपर्यंत पाळकसाहेबांनी त्यांचे हात हातात घेऊन आभारसुद्धा मानले होते. दुसऱ्या दिवशी जुळे सोलापूर भागातल्या आमच्या आतल्या खोलीत सगळ्या मंडळीच्या चादरी टांगल्या गेल्या. माझी भोकवाली नेमकी दारासमोर आली.

आता रोज सकाळी रेणुका कुंभारीहून दोन गाड्या बदलून माझ्या घरी येऊ लागली. दारातून ‘सलाम, बाई’ म्हणायची आणि विचारायची, ‘तुमाला तरास तर न्हाई की आमचा?’ मी मान हलवायचे, आणि ती मान कुठल्याही बाजूला वाचता यावी अशी हलवायचे. ती आत जायची, दार लागायचं. मी बाहेर भाजी निवडत बसायचे. दाराआडून तिचं वाचन बारीक ऐकू यायचं. मला वडारी येत नाही. जखऱ्या, अलीशिबा, मरीया, एवढी नावं कळायची, बाकी काही नाही. तरी गंमत अशी की ती कुठं थांबणार हे मला ती थांबायच्या आधी कळायचं. आवाज कुठं खाली उतरेल तेही कळायचं. वाचते चांगली, असं मनात यायचं आणि त्यानं आणखीच चिडचिड व्हायची. तासाभरानं ती खोकत बाहेर यायची. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असायची. तिखट शेंगाचटणी खाऊन कुणी वाचायला बसतं का? मला ठाऊक होतं. ज्येष्ठमधाची काडी पर्समध्येच होती आणि पर्स खुंटीला होती. मी ती काढली नाही.

रोजचं मुद्रण झालं की हणमंतअण्णा पेटी घेऊन कुंभारीत जायचे आणि वस्तीतल्या चारचौघींना ऐकवून यायचे. ही त्यांची रीतच होती, ऐकणाऱ्यांनी पसंत केल्याशिवाय पुढं जायचं नाही. पहिला अध्याय निम्मा झाला होता तेव्हा अण्णा उतरल्या चेहऱ्यानं आले. सॅमसनभाऊ, पाळकसाहेब, रेणुका, हे, सगळे ओसरीत होते. मी चहा घेऊन आले.

‘काय झालं, अण्णा?’ पाळकसाहेबांनी विचारलं.

‘बाया हसाय लागल्यात की वो,’ अण्णा म्हणाले. ‘सणासुदीला चर्चला येनारी यल्लव्वा आजी तर म्हन्ली, बोली आपली हाय, पर आपलं माणूस बोलत न्हाई. ह्या तर बाई बोलत्यात.’

‘कोण बाई?’

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

रेणुका गडबडून गेली. ‘मग देवाचं तसंच वाचायचं असतंय की,’ ती म्हणाली. ‘ल्हानपनापासनं मी बाईंचंच ऐकलंय. आईपण म्हनायची, बाई वाचत्यात तसं वाच. मला दुसरं कसं येनार?’

मला झालेला आनंद मी लपवत नाही. माझा आवाज होता! त्या चादरींच्या आड, न कळणाऱ्या भाषेत, माझाच आवाज इतके दिवस वाचत होता, माझेच थांबे, माझे चढ-उतार, शेवटचं वाक्य सोडायची माझी ती ढब. म्हणूनच मला आधी कळत होतं. मी मागत होते तो आवाज देवानं कुठं टाकून दिला नव्हता, तो तिच्या तोंडी ठेवला होता. क्षणभर वाटलं, असू दे की असाच. मी जाईन, पण कुंभारीत, अक्कलकोटकडं, कुठंकुठं वडारी घरांत पेटीतून मी बोलत राहीन.

पण सॅमसनभाऊ त्यांच्या परीनं खरं तेच सांगत होते. वस्तीतल्या बायका हसत असतील तर त्या ऐकणार नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांना दुसऱ्या बोलीच्या कामाला जायचं होतं. रेणुकाला दोनदा, तीनदा समजावून झालं होतं, ‘घरात बोलतेस तसं बोल.’ ती हो म्हणायची आणि यंत्र सुरू झालं की पुन्हा तशीच वाचायची. मग अक्कलकोटकडचा एक माणूस होता, त्याला बोलावून पाहायचं का, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. रेणुकाची मान खाली गेली. डब्याचं झाकण ती लावत होती, ते लागेना.

हवं होतं ते मला मिळालं होतं. तिच्या जागी दुसरं कुणी येणार होतं, आणि मला त्यासाठी काहीच करावं लागणार नव्हतं. मुक्या माणसाला कोण विचारतं? डॉक्टरांचीच आज्ञा होती. मी कप गोळा करून स्वयंपाकघरात आले आणि ओट्यापाशी उभी राहिले. पोरीला काय अडलंय ते त्या सगळ्यांत मला एकटीलाच कळत होतं. तिला वाटत होतं की माझ्यासारखं वाचलं नाही तर ते देवाचं वाचन होत नाही, आणि हा समज दुसऱ्या कुणाच्या सांगण्यानं निघणार नव्हता. बाईंनीच सांगितलं तर निघाला असता. मी देवाला म्हटलं, हे फार झालं. मी आवाज मागत होते. तो कुठं ठेवलास ते आत्ता दाखवलंस, आणि पेला हातात येतो न येतो तोच म्हणतोस, दे ओतून? मी ओट्याला धरून रडले. मुक्याचं रडणं फार वाईट दिसतं, म्हणून नळ सोडून ठेवला. किती वेळ गेला सांगता येत नाही. बादली भरून वाहायला लागली तेव्हा नळ बंद केला आणि खुंटीवरची पर्स काढली.

रेणुका ओसरीत एकटीच बसली होती. मी तिच्या हातात ज्येष्ठमधाची काडी ठेवली, दंड धरून तिला उठवलं आणि मागच्या अंगणात नेलं. तिथं कढीपत्त्याच्या झाडाला टेकून आमचा जुना पाटा उभा आहे. मिक्सर आल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. मी बोटानं त्याच्यावरचे टाकीचे घाव दाखवले. तिनं ओळखले. तळव्यानं पाटा पुसला आणि म्हणाली, ‘आईचं काम हाय ह्ये. ती कडंनं आडवं घाव घालायची.’

मी पाटीवर लिहिलं, ‘आई हाक कशी मारायची?’

तिनं ओढणी तोंडावर धरली. ‘काय बाई! शेजारी काय म्हन्तील?’

‘म्हणू देत,’ मी लिहिलं.

ती इकडंतिकडं बघत राहिली. मग डोळे मिटले आणि तिच्या पोटातून ती हाक निघाली, ‘पाटा-वरवंट्याला टाकीऽऽऽय!’ जणू दुर्गव्वाच दारात येऊन उभी राहिली होती. पलीकडच्या बंगल्यातल्या काकूंनी खिडकी उघडून विचारलं, ‘कुठंय हो टाकीवाली? आमच्या पाट्याला पण लावायचीय.’ रेणुका खळखळून हसली आणि हसता हसता रडायला लागली. आई गेल्यापासून ती हाक तिनं कधी मारली नव्हती, लोक नावं ठेवतील म्हणून. चर्चला येणाऱ्या पोरीनं असं रस्त्यावरच्यासारखं ओरडू नये, असं तिच्या मनात कुणी भरवलं असेल, ते मी तिला विचारलं नाही.

तिला शांत होऊ दिलं. मग पाटी पुसून लिहिलं, ‘तो माझा आवाज आहे. तो सोड. आईच्या आवाजात सांग.’ पेन्सिल मोडली, तुकड्यानं पुढचं लिहिलं, ‘मरीया एवढं चालून आली. म्हातारी अलीशिबा दारात गेली. कशी बोलली असेल?’

रेणुका त्या अक्षरांकडं बघत राहिली. आजपर्यंत तिनं अलीशिबेचं बोलणं बाईंच्या चालीवर म्हटलं होतं, खाली नजर ठेवून, हळू. खरं तर लूकनं लिहिलंय की अलीशिबा मोठ्यानं ओरडून बोलली. तेच वाक्य मी वर्षानुवर्षं किती मृदू वाचत आले होते! रेणुकानं कमरेला ओढणी खोचली, अंगणाच्या फाटकाकडं तोंड केलं आणि वडारीत बोलली, कुणी आपलं माणूस लांबून येताना दिसावं आणि राहवू नये तसं. मला एक शब्द कळला नाही. मागच्या दारात हणमंतअण्णा येऊन थांबले होते. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि म्हणाले, ‘चल गं आत, आसंच बोल.’

त्यानंतर काम भराभर झालं. मी तिच्यासाठी गरम पाणी ठेवायचे, तिची शेंगाचटणी काढून घेऊन मुगाची आमटी द्यायचे. मत्सर गेला होता, असं मात्र समजू नका. आता दाराआडचं वाचन मला आधी कळेनासं झालं. कुठं थांबेल, कुठं वर चढेल, काही अंदाज येईना. माझं जे होतं ते रोज थोडं थोडं तिच्या बोलण्यातून निघून जात होतं आणि मी भाजी निवडत ते ऐकत होते. जखऱ्याची वाचा आली तो भाग त्यांनी मुद्रित केला त्या दिवशी हे माझ्याकडं बघून काहीतरी थट्टा करणार होते, पण माझा चेहरा पाहून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

शेवटच्या दिवशी चादरी उतरवल्या. ज्याच्या त्याच्या घड्या करून टेम्पोत भरल्या. माझी भोकवाली रेणुकानं स्वतः झटकून घडी घातली आणि भोक आत लपेल अशी ठेवली. सकाळीच मी कपाटातून एक नवी चादर काढून ठेवली होती, तिला द्यायला. पण ती निघताना वाकून सलाम करत होती, पाळकसाहेब तिचं कौतुक करत होते, हे तिला ‘पुन्हा ये गं’ म्हणत होते, आणि माझ्या हातून ती चादर काही सुटेना. वाटलं, एवढं सगळं तर दिलं, आता चादरही द्यायची? अशी मी चादर छातीशी धरून दारात उभी. ती रिक्षात बसली. रिक्षा वळून कोपऱ्यावर गेली. आणि मला एकदम भडभडून आलं की ही आता गेली, आणि मी अजून तिथंच उभी आहे, कपाटापाशी, झिजलेली चादर शोधत.

‘रेणुकाऽऽ!’

कोण ओरडलं ते मलाही आधी कळलं नाही. घोगरा, चिरका, दारुड्याचा असावा तसला आवाज होता. रिक्षा थांबली. रेणुका उतरून पळत आली आणि मी चादर तिच्या अंगावर टाकली. मागं हे पायरीवर मटकन बसले होते. ‘जखऱ्या बोलला की,’ एवढंच म्हणाले. डॉक्टर म्हणाले, सुधारणा अशीच होते, केव्हातरी व्हायचीच होती. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. तो दिवस का आणि ते नाव का, हे ज्याला ठाऊक आहे त्याला मी रोज धन्यवाद देते.

आवाज आला तो एवढाच. बोलता येतं, वाचण्याजोगा तो राहिला नाही. शास्त्रपाठ आता दुसरं कुणी वाचतं. कधी घाईनं, कधी चुकत. मी तिसऱ्या बाकावर बसून ऐकते, आणि चुकलं की अजून माझे ओठ हलतात.

पेट्या तयार होऊन आल्या तेव्हा मंडळी कुंभारीला गेली. वस्तीत कट्ट्यावर पेटी ठेवली, भोवती बायका बसल्या, पुढं यल्लव्वा आजी. रेणुकाचा आवाज सुरू झाला आणि कुणी हसलं नाही. उलट त्या मध्ये मध्ये पेटीला उत्तरं देऊ लागल्या. कुणी व्हय व्हय म्हणे, कुणी मरीयेला काहीतरी बजावून सांगे. मी जन्मभर वाचलं, माना खाली घालून लोकांनी ऐकलं, पण मला मध्येच कुणी असं उत्तर दिलं नव्हतं. तिथं बसूनही मी कान देऊन शोधत होते, माझा एखादा थांबा, एखादा उतार कुठं राहिलाय का. अलीशिबेची हाक आली. लांबच्या गल्लीतली माणसं घराबाहेर येऊन बघू लागली. माझं त्यात काही नव्हतं.

यल्लव्वा आजी डोळे पुसत माझ्याकडं वळली. माझा हात हातात घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘लई ग्वाड शिकीवलंसा की वो बाई पोरीला!’

सगळ्या बायका माझ्याकडं बघू लागल्या. पाळकसाहेब हसून मान डोलवत होते. पलीकडं रेणुका उभी होती, माझी चादर खांद्यावर घेऊन. तीही मान डोलवत होती, तो मानही तिनं मला देऊन टाकला होता. देवा, त्या वेळी तू माझ्याजवळ होतास, कारण मी एकटी असते तर तो मान घेतला असता.

‘मी नाही, आजी,’ माझ्या त्या चिरक्या आवाजात मी म्हणाले. ‘हिच्या आईनं.’